दोघी बहिणी एका मतपत्रिकेवर

मस्कतच्या अल खौदमधल्या आमच्या व्हिलाचे मालकानं चार भाग करून भाड्यानं दिलेत. खालच्या एका भागात आम्ही राहतो. आमच्या बरोबर वर काही वर्षं एक अमेरिकन बाई राहत होत्या. जवळच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायच्या. साठीला टेकलेल्या, उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, आणि एकट्या. जिन्यात भेटल्या की हसायच्या, ईदला खजूर आणून द्यायच्या, एप्रिलमध्ये आमच्याकडे जयंतीची खीर खायला यायच्या. त्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल फारसं माहीत नव्हतं.

ते कळलं त्यांच्या देशातल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वेळी. ऑक्टोबरात एका शुक्रवारी सकाळी त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा प्रिंटर चालू आहे का? मला मत द्यायचंय."

मला वाटलं, माझं ऐकण्यात काही चुकलं. पण त्यांच्याकडे तशी सोय आहे. परदेशात राहणाऱ्याला मतपत्रिका इमेलवर येते. ती छापायची, भरायची, सही करून परत पाठवायची. आम्हाला मत द्यायचं तर विमानानं जाऊन गावच्या शाळेत रांगेत उभं राहावं लागतं. मी हे त्यांना सांगितलं तर त्यांना फार वाईट वाटलं, जणू माझ्या घरातलं कोणी आजारी आहे.

आमच्या जेवणाच्या टेबलावर बसूनच त्यांनी मतपत्रिका भरली. झाकपाक काही केली नाही. छापलेली नावं सोडून त्यांनी खालच्या कोऱ्या ओळीवर पेनानं एक नाव लिहिलं.

"हे कोण?" मी विचारलं.

"आमच्या पक्षाचा उमेदवार. छोटा पक्ष आहे, समाजवादी. या वेळी आमच्या राज्यात सह्या पुरेशा जमल्या नाहीत, म्हणून नाव छापलेलं नाही."

"मग हातानं लिहिलं तर निवडून येईल?"

त्या मोठ्यानं हसल्या. "आमचा पक्ष माझ्या जन्माआधीपासून हरतोय."

मग चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील ओतकामाच्या कारखान्यात होते. त्यांच्या वडिलांच्याही वडिलांच्या काळात पक्षाचे नगरसेवक असायचे, कुठे कुठे शहराचा महापौरसुद्धा. नंतर फुटी पडल्या. प्रत्येक गट म्हणायचा, खरा पक्ष आम्हीच. त्यातल्या एका गटाचे त्यांचे वडील होते आणि वडिलांचा हात धरून त्या लहानपणापासून सभांना जायच्या. पुढे त्या स्वतः उभ्या राहू लागल्या. राज्याच्या विधिमंडळासाठी, शिक्षण मंडळासाठी, आणखी कशाकशासाठी. प्रत्येक वेळी हरल्या. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचं नाव 'इतर' या शब्दाखाली असायचं.

"मग उभ्या कशाला राहायच्यात?" असं माझ्या तोंडून निघणार होतं, पण निघालं नाही. कारण हाच प्रश्न आमच्या घरात आई आयुष्यभर बाबांना विचारत आली होती.

माझ्या बाबांचं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाच्या तारा बदलून देणं हा त्यांचा धंदा, आणि निवडणूक लढवणं हे व्यसन. निळ्या झेंड्याचे किती गट झाले याचा हिशेब त्यांनाही सांगता येणार नाही, पण त्यातल्या एका लहानशा गटाला ते चिकटून राहिले. पंचायत समिती, जिल्हा परिषद, एकदा विधानसभा. दर वेळी अनामत जप्त. आई दर वेळी म्हणायची, "आता तरी बास करा." ती गेली आणि त्यानंतर ते उभे राहिले नाहीत. वय झालं म्हणायचे.

त्या हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर मस्कतला आले. पहिल्या आठवड्यातच मी त्यांना वरच्या बाईंबद्दल सांगितलं. बाबा खुर्चीत सरसावून बसले.

"अमेरिकेत समाजवादी? आणि तेही निवडणूक लढवणारे? माय, मला भेटव त्यांना."

मी त्यांना संध्याकाळी चहाला बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. बाईंना इंग्रजीशिवाय थोडी अरबी यायची, बाबांना मराठी आणि हिंदी. मधे मी. बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'प्रोफेसरबाई' ठेवलं आणि त्यांनी आमचं ऐकून बाबांना 'बाबा' म्हणायला सुरुवात केली. खरं तर दोघांच्या वयात फार अंतर नव्हतं.

बाबांनी त्यांना अनामत म्हणजे काय ते समजावलं. ठरावीक मतं मिळाली नाहीत तर सरकार ती परत देत नाही. प्रोफेसरबाई म्हणाल्या, "आमच्याकडे वेगळं आहे. आमच्या राज्यात पुरेशी मतं मिळाली नाहीत की पुढच्या वेळी मतपत्रिकेवर पक्षाला जागाच मिळत नाही. पुन्हा दारोदार फिरून सह्या गोळा करायच्या. बर्फात."

मी भाषांतर केलं. बाबा विचार करून म्हणाले, "म्हणजे आमचा खिसा कापतात आणि यांचं नाव कापतात."

हे इंग्रजीत सांगताना माझी धांदल उडाली, पण प्रोफेसरबाईंना कळलं. मग त्या बाबांना त्यांच्याकडे काय काय निवडून द्यावं लागतं ते सांगू लागल्या. न्यायाधीश निवडायचा, शाळांचं मंडळ निवडायचं, काही ठिकाणी अपघातात मेलेल्यांची चौकशी करणारा अधिकारीसुद्धा लोकांनी मत देऊन निवडायचा.

"पंचनामा करणारा?" बाबा म्हणाले. "त्याला मत कोण देतं? ज्याचा पंचनामा व्हायचाय तो?"

"मी त्या जागेसाठीही उभी राहिले असते," त्या म्हणाल्या, "पण मला रक्त बघवत नाही."

बाबा इतके हसलेले मी आई गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिले.

तिथून त्यांची गट्टी जमली. शुक्रवारी सकाळी प्रोफेसरबाई गाडी काढायच्या आणि आम्ही तिघं अल मवालेहच्या भाजी मार्केटला जायचो. बाबांना ते मार्केट फार आवडायचं. इतकी फळं आणि भाज्या एका छताखाली बघून ते प्रत्येक गाळ्यापाशी थांबायचे. एकदा वादी अदाईला आमच्या गावाकडच्या एका कुटुंबाकडे बुद्धवंदना होती, तिथेही त्या आल्या. डोक्यावर ओढणी घेऊन मागे मांडी घालून बसल्या, आणि नंतर पायाला मुंग्या आल्या म्हणून उठता येईना तेव्हा बाबांनीच हात दिला.

त्या दिवशी परत येताना हायवेवर गर्दी होती. गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "माय, यांना विचार, यांच्यावर कधी मतं खाल्ल्याचा आरोप झाला का?"

त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. विधानसभेला बाबा उभे राहिले तेव्हा गावात बोललं गेलं होतं की याला समोरच्यानं उभा केलाय, आपल्या माणसाची मतं खायला. बाबांना हरण्याचं दुःख कधी झालं नाही, या बोलण्याचं झालं. मी प्रश्न इंग्रजीत केला.

पुढचा ट्रक हलला, थांबला. मला वाटलं, प्रोफेसरबाईंना प्रश्न आवडला नाही. मग त्या रस्त्याकडे बघत बोलू लागल्या आणि मी तुकड्या-तुकड्यानं बाबांना सांगत गेले.

त्यांना एक धाकटी बहीण होती. गावच्या हॉस्पिटलात नर्स. तिला वडिलांच्या पक्षाचं कधी कौतुक नव्हतं. ती म्हणायची, तुम्ही बरोबर असाल, पण तुम्ही जिंकत नाही, आणि माझ्या वॉर्डातल्या बाईला आज औषध लागतं. पुढे ते हॉस्पिटल बंद करायची भाषा सुरू झाली. प्रोफेसरबाई त्या वर्षी त्या भागातून विधिमंडळासाठी त्यांच्या पक्षाच्या उमेदवार होत्या. सह्या गोळा करून, नाव दाखल करून झालं होतं. हॉस्पिटल वाचवा, हाच त्यांचा प्रचार. नंतर अचानक मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं माघार घेतली आणि त्या पक्षानं त्याच्या जागी धाकट्या बहिणीला उभं केलं. तिचाही प्रचार तोच, हॉस्पिटल वाचवा.

"दोघी बहिणी एकाच जागेवर?" बाबांनी विचारलं.

"एकाच मतपत्रिकेवर. तिचं आडनाव लग्नानंतरचं. पण गावात सगळ्यांना माहीत होतं."

बहीण त्यांच्या घरी आली होती. स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, तू मागे हट, तू जिंकणार नाहीस, मी जिंकू शकते. प्रोफेसरबाई म्हणाल्या, मी हटले तर पक्षाची या भागातली मतपत्रिकेवरची जागा जाईल, ज्यांनी बर्फात फिरून सह्या आणल्या त्यांना मी काय सांगू? बहीण म्हणाली, त्यांना सांग की तुला बहीण आहे.

त्या हटल्या नाहीत. निकाल लागला. बहीण थोडक्यात हरली. जितक्या मतांनी हरली, त्याहून जास्त मतं प्रोफेसरबाईंना पडली होती. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली निवडणूक होती. तिसराच माणूस निवडून आला. त्यानं हॉस्पिटलसाठी बोटही हलवलं नाही. ते बंद झालं.

"आणि आई?" बाबा म्हणाले. "यांची आई होती तेव्हा?"

"होती. तिनं कोणाला मत दिलं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही दोघींनीही विचारलं नाही."

"तिनं कोरीच टाकली असेल," बाबा मराठीत, जवळजवळ स्वतःशीच बोलले. मी ते भाषांतर केलं नाही, पण प्रोफेसरबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?" तेव्हा सांगावं लागलं. त्यांनी फक्त मान हलवली.

बहिणीनं बोलणं टाकलं. गावात राहणं अवघड झालं म्हणून प्रोफेसरबाईंनी बाहेरच्या देशात नोकरी शोधली आणि ओमानला आल्या.

गाडी आमच्या गल्लीत शिरली. घरासमोर गाडी थांबल्यावर बाबा खाली उतरेनात. म्हणाले, "माय, नीट विचार हं. त्यांना उभं राहिल्याचा पस्तावा होतो का?"

मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "उभं राहिल्याचा होत नाही. ती हरली त्याचं दुःख होतं. रोज होतं."

"या दोन्ही गोष्टी त्यांनी बहिणीला सांगितल्या का?"

त्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मी तिला फक्त पहिली सांगितली होती," त्या म्हणाल्या.

"मग दुसरी राहिलीच की," बाबा म्हणाले. "जाऊन सांगा म्हणावं."

बाबा मार्चमध्ये गावी परतले. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रोफेसरबाई अमेरिकेला गेल्या. दर वर्षी त्या कुठेतरी थंड ठिकाणी फिरायला जायच्या, या वेळी त्यांनी आपल्या गावचं तिकीट काढलं. जाताना मला म्हणाल्या, "बाबांना सांगा, मी जातेय." सप्टेंबरात परत आल्या तेव्हा मी उपमा घेऊन वर गेले. त्यांनीच विषय काढला.

बहिणीनं दार उघडलं होतं. जेवायला बसवलं होतं. मुलांचं, शेजाऱ्यांचं, गुडघ्यांचं सगळं बोलून झालं. मग प्रोफेसरबाईंनी ते वाक्य उच्चारलं, तू हरलीस त्याचं मला रोज दुःख होतं. बहिणीनं विचारलं, "तू अजून त्यांनाच मत देतेस?" त्या हो म्हणाल्या. बहीण उठून भांडी धुवायला लागली. निघताना मात्र तिनं विचारलं, परत कधी येणार आहेस?

मी बाबांना हे फोनवर सांगितलं. बाबा खूश झाले. "दार उघडलं ना? मग झालं. निम्मं काम झालं. आता त्यांना म्हणावं, तिकडंच जाऊन राहा."

मी हा निरोपही पोचवला. आज वाटतं, सगळे निरोप पोचवायचे नसतात. पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांचं नोकरीचं काँट्रॅक्ट तसंही संपत आलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी ते वाढवलं नाही. मला कुंड्या दिल्या, माझ्या मुलीला पुस्तकं, आणि गेल्या. मुलगी त्यांना बिलगून रडली. तिला शाळेबाहेर इंग्रजीत मनातलं बोलायला तेवढी एकच मोठी व्यक्ती होती. माझ्याशी मराठीत बोलताना ती अर्ध्यात अडखळते आणि मग "जाऊ दे" म्हणते. त्या गेल्यावर ते 'जाऊ दे' वाढलं.

प्रोफेसरबाईंनी बहिणीच्या गावात, दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. आम्ही महिन्यातून एखाद वेळी बोलायचो. माझी संध्याकाळ, त्यांची सकाळ. बहिणीला कॅन्सर निघाला होता. गावचं हॉस्पिटल नव्हतंच, त्यामुळे उपचारासाठी लांबच्या शहरात न्यावं लागायचं. प्रोफेसरबाईच गाडी चालवायच्या. जाता-येता तासन् तास दोघी गाडीत. "काय बोलता?" मी विचारलं. "रस्त्याबद्दल," त्या म्हणाल्या. "आणि रेडिओवर काय लावायचं त्याबद्दल. ते हॉस्पिटल जिथे होतं त्या चौकातून आम्ही जात नाही. मी वळसा घालते. तिनं सांगितलेलं नाही, पण मी घालते."

मग त्यांच्या गावच्या नगरमंडळाची निवडणूक आली. पक्षाचे गावात उरलेले चार-पाच म्हातारे त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही उभ्या राहा. दुसरं कोणी नाही. गावात ही एवढी एकच मतपत्रिका उरलीय जिच्यावर अजून आपलं नाव येतं. प्रोफेसरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. त्यांना वाटलं, बहीण आजारी आहे, तिच्या दारावरून आपल्या नावाची पत्रकं वाटत कसं फिरायचं? कोणीच उभं राहिलं नाही. त्या गावातून पक्षाचं नाव गेलं.

हे त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं. म्हणाल्या, "बाबांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण बाबांनीच विचारलं. दर फोनवर ते विचारायचेच, प्रोफेसरबाई काय म्हणतात, कुठे उभ्या आहेत का. मला खोटं बोलता आलं नाही.

बाबांच्या मागे दुकानात कोणीतरी मोटार लावून बघत होतं, तिचा आवाज येत होता.

"मी त्यांना बहिणीकडं जा म्हणालो होतो," ते म्हणाले. "पक्ष सोडा म्हणालो नव्हतो."

"त्यांनी सोडला नाही, बाबा. या वेळी उभ्या राहिल्या नाहीत, इतकंच."

"एकदा बसलं की मग उठवत नाही, माय. मला विचार."

मतदानाच्या दिवसानंतर काही आठवड्यांनी प्रोफेसरबाईंचा फोन आला. अवेळी नव्हता, पण त्या स्वतःहून क्वचित करायच्या, म्हणून मी ऑफिसातून बाहेर पार्किंगमध्ये आले. बहीण गेली होती. घरीच, झोपेत. मी म्हटलं ते कोणीही म्हटलं असतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचंय. बाबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

मतदानाच्या दिवशी बहिणीनं हट्टानं स्वतःला मतदान केंद्रावर न्यायला लावलं होतं. व्हीलचेअरवर. प्रोफेसरबाई बाहेर थांबल्या. आत बराच वेळ लागला. बहीण बाहेर आली ती चिडलेली. गाडीत बसवताना म्हणाली, "तुझं नाव नाहीये."

"मी उभी नाहीये," प्रोफेसरबाई म्हणाल्या.

"का नाहीस?"

प्रोफेसरबाईंनी व्हीलचेअर घडी करून मागे ठेवली. बहीण म्हणाली, "मी फक्त त्यासाठी आले होते. नगरमंडळ काय, तिथं तू काय बिघडवणार होतीस? या वेळी मी तुला मत दिलं असतं."

त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही, कारण पुढचे आठवडे औषधांच्या गुंगीतच गेले.

"तिला मी विचारायला हवं होतं," प्रोफेसरबाई मला म्हणाल्या. "उभं राहू का, एवढंच. ती दोन गल्ल्यांवर होती. मी परस्पर ठरवलं. पहिल्या वेळी परस्पर ठरवलं आणि या वेळीही."

पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. आमचा सुपरवायझर लांबून हात करून यल्ला, यल्ला म्हणत आत बोलावत होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तिला दवाखान्यात नेत होतात, जेवायला घालत होतात, ते तिला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "हो, ते माहीत होतं."

मी बाबांना सांगितलं. मला ते एकटीला पोटात ठेवता आलं नाही. सुट्टीत गावी गेले होते, दुकानात समोरासमोर बसून सांगितलं. बाबांच्या हातात तांब्याच्या तारेचं बंडल होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काय म्हणाली ती? नीट सांग."

"या वेळी मी तुला मत दिलं असतं."

बाबांनी ते वाक्य एकदा स्वतः म्हणून पाहिलं. मग विचारलं, "तुझ्या आईनं मला मत दिलं असेल का गं, एखाद्या वेळी?"

"दर वेळी दिलं असेल, बाबा."

"नाही," ते म्हणाले. "दर वेळी नाही."

गिऱ्हाईक आलं, पंपाचं विचारू लागलं. बाबा त्याच्याशी बोलायला उठले. प्रोफेसरबाईंची चौकशी ते अजूनही करतात. तब्येत कशी आहे, एकट्या जेवतात का, थंडी किती आहे, सगळं विचारतात. निवडणुकीचं मात्र त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.